व्हाइट सॉक्सचा राग काढायचा तरी कोणावर? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

बेसबॉलचा २०२५ चा सीझन संपला आणि शिकागो व्हाइट सॉक्सबद्दल एवढी पत्रं आली की या अंकात बाकी सगळे खेळ बाजूला ठेवून फक्त याच टीमबद्दल बोलायचं ठरवलंय. ज्यांना ही टीम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शिकागोच्या दक्षिण भागातली, म्हणजे साउथ साइडची, १९०१ पासून अमेरिकन लीगमध्ये खेळणारी ही जुनी टीम. २०२३ मध्ये १०१ मॅच हरली, २०२४ मध्ये १२१, आणि आत्ता २०२५ मध्ये १०२. या तिन्ही वर्षांचे विजय जोडले तर बरोबर १६२ भरतात, म्हणजे एका सीझनमध्ये जेवढ्या मॅच असतात तेवढे विजय मिळवायला या टीमला तीन सीझन लागले. मी स्वतः सॉक्सचीच फॅन आहे, त्यामुळे इथे तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न : आम्ही नेपरव्हिलला राहतो. मी मूळची डोंबिवलीची, क्रिकेट बघत वाढले, लग्नानंतर इथे आल्यावर नवऱ्याबरोबर सॉक्स बघायला लागले आणि कधी त्यात अडकले कळलंच नाही. २०२१ मध्ये टीम इतकी मस्त खेळत होती की वाटलं आता पाच-सहा वर्षं तरी मजा आहे, आणि मग हे असं झालं. एप्रिल ते सप्टेंबर घरात रोज रात्री चिडचिड. नवरा म्हणतो नशीब खराब, इंज्युरीज झाल्या, पण मला ते पटत नाही. नक्की वाट कोणी लावली ते एकदा सरळ सांगाल का?

उत्तर : ताई, तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. नशीब फिरलं तर टीम दहा मॅच जास्त हरेल, फार तर पंधरा, पण १२१ मॅच नशिबाने हरता येत नाहीत, त्यासाठी वरच्या लोकांनी वर्षानुवर्षं चुकीचे निर्णय घ्यावे लागतात आणि ते इथे घेतले गेले.

सुरुवात २०१६ च्या डिसेंबरपासून धरा. तेव्हा टीमने ठरवलं की सगळं मोडून नव्याने उभं करायचं. क्रिस सेलसारखा पिचर (बॉल टाकणारा, आपल्याकडचा बोलर) बॉस्टनला दिला आणि बदल्यात योआन मोनकाडा, मायकल कोपेक अशी तरुण पोरं घेतली, पुढच्या उन्हाळ्यात होझे किंटाना चक्क शहरातल्याच दुसऱ्या टीमला, कब्सना, देऊन एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीस आणले. फॅन्सना सांगितलं थोडं सोसा. फॅन्सनी सोसलंसुद्धा, २०१८ मध्ये १०० मॅच हरलेली टीम बघितली, कारण पुढे काहीतरी चांगलं येतंय हे दिसत होतं. आणि ते आलं! २०२० मध्ये प्लेऑफ, होझे अब्रेयूला एमव्हीपी, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब, २०२१ मध्ये ९३ विजय आणि डिव्हिजनचं, म्हणजे आपल्या गटाचं, विजेतेपद. प्लेऑफमध्ये ह्यूस्टनने ३-१ ने हरवलं, वाईट वाटलं, पण सगळे म्हणत होते की ही तर सुरुवात आहे.

आता इथे नीट बघा काय झालं. २०२० संपल्यावर मॅनेजर (म्हणजे आपल्याकडचा कोच) रिक रेंटेरियाला काढलं आणि टीमचे मालक जेरी राइन्सडॉर्फ यांनी टोनी ला रुसा यांना आणलं. ला रुसा मोठे मॅनेजर यात वादच नाही, पण तेव्हा त्यांचं वय ७६ होतं आणि २०११ नंतर त्यांनी एकही टीम सांभाळली नव्हती. एवढी तरुण, उत्साही, होमरन मारल्यावर बॅट भिरकावणारी टीम आणि तिच्यावर असा माणूस, का तर मालकाची जुनी ओळख आणि जुनी खंत, की १९८६ मध्ये याच ला रुसांना आपण जाऊ दिलं होतं. २०२२ मध्ये ८१ विजय ८१ पराभव, तब्येतीमुळे ला रुसा बाजूला झाले, आणि त्यांच्या जागी आणले पेड्रो ग्रिफोल, ज्यांनी त्याआधी मेजर लीगमध्ये कधी मॅनेजरकी केली नव्हती.

आणि पैशाचं म्हणाल तर तो मुद्दा मला सगळ्यात जास्त छळतो. शिकागो हे अमेरिकेतलं तिसऱ्या नंबरचं शहर, पण या टीमने २०२५ पर्यंत एकाही खेळाडूला १० कोटी डॉलरचा करार दिला नव्हता. तोवरचा सगळ्यात मोठा करार अँड्र्यू बेनिन्टेंडीचा, पाच वर्षांचे साडेसात कोटी. २०१९ च्या सुरुवातीला मॅनी मचाडो शिकागोला येणार अशी हवा होती, सॅन डिएगोने ३० कोटी मोजले आणि तो तिकडे गेला, आणि त्याला हवे होते तसे पक्के पैसे आपल्याकडून कधी पुढे आलेच नाहीत. तरुण पोरं चांगली निघाली तर त्यांच्या भोवती चार पक्के, अनुभवी खेळाडू विकत घ्यावे लागतात हे सगळ्या जगाला कळतं. ते घेतले नाहीत आणि मग मोनकाडा, हिमेनेझ, लुइस रॉबर्ट एकामागून एक दुखापतीने बसायला लागले तेव्हा मागे कोणी तयारच नव्हतं. इंज्युरीज झाल्या हे तुमच्या मिस्टरांचं खरं आहे, पण इंज्युरीज सगळ्या टीमना होतात, त्यासाठी मागची फळी लागते आणि ती उभी करणं ऑफिसात बसलेल्या लोकांचं काम असतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये टीम बांधण्याचं काम बघणारे केन विल्यम्स आणि रिक हान दोघांनाही घरी पाठवलं. चला, निदान आता तरी बाहेरचा नवा विचारांचा माणूस येईल असं वाटलं, तर बाहेर नीट शोधसुद्धा न घेता काही दिवसांतच आतलेच क्रिस गेट्झ जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडूंची देवघेव बघणारे, झाले. गेट्झ वाईट आहेत असं मी म्हणत नाही, त्यांनी नंतर काही चांगले ट्रेड केलेत, पण ज्या घरात आग लागलीय त्या घराची जबाबदारी त्याच घरातल्या माणसाला दिली की फॅन्सना काय वाटणार?

मग २०२४ उजाडलं. पहिल्या २५ मॅचमध्ये ३ विजय. मे-जूनमध्ये सलग १४ पराभव. जुलैमध्ये पुन्हा सुरू झालं ते १० जुलैपासून ५ ऑगस्टपर्यंत, सलग २१, म्हणजे १९८८ च्या बाल्टिमोरने केलेल्या अमेरिकन लीगच्या नकोशा रेकॉर्डची बरोबरी. आणि ही माळ चालू असतानाच २५ जुलैला आपण मार्चमध्ये सॅन डिएगोला देऊन टाकलेल्या सीसने तिकडे नो-हिटर टाकली, म्हणजे पूर्ण मॅचमध्ये समोरच्या टीमला एकही हिट दिली नाही! त्या दिवशी मला खरंच रडू आलं. ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये ५-१ ने जिंकलो, दोन दिवसांनी ग्रिफोलना काढलं, तेव्हा टीम २८-८९, म्हणजे २८ विजय ८९ पराभव, अशी होती. त्यांच्या जागी ग्रेडी साइझमोर आले आणि उरलेल्या ४५ मॅचमध्ये १३ जिंकल्या. म्हणजे मॅनेजर बदलून फारसं काही बदललं नाही, कारण रोग तिथे नव्हताच. पूर्ण सीझनमध्ये ५०७ रन केले आणि ८१३ दिले.

नशिबाचं नाव घेणाऱ्यांना मी नेहमी कॅन्सस सिटीकडे बघा म्हणते. आपल्याच डिव्हिजनमधली टीम, शहर शिकागोच्या मानाने अगदी लहान, २०२३ मध्ये तेही १०६ मॅच हरले होते. त्यांनी काय केलं तर आपल्या हातात असलेल्या सगळ्यात चांगल्या पोराला, बॉबी विट ज्युनिअरला, फेब्रुवारी २०२४ मध्ये ११ वर्षांचा जवळपास २९ कोटींचा करार दिला, पिचर विकत घेतले, आणि त्याच वर्षी ८६ मॅच जिंकून प्लेऑफमध्ये गेले. एका वर्षात. तेव्हा वाट कोणी लावली याचं माझं उत्तर मालकापासून सुरू होतं आणि बऱ्यापैकी तिथेच संपतं. २००५ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं सगळ्यात मोठं विजेतेपद, त्यांच्याच काळात आली, १९१७ नंतर पहिल्यांदा, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं आणि मी देते. पण त्या पुण्याईवर वीस वर्षं काढता येत नाहीत.

प्रश्न : मी पुण्यात इंजिनीअरिंगला आहे, गेल्या वर्षीपासून बेसबॉल बघतोय. २०२४ च्या मे मधल्या बाल्टिमोर विरुद्ध व्हाइट सॉक्स मॅचची क्लिप पाहिली, कॅच घेतला आणि मॅच अचानक संपलीच, सॉक्सचे लोक वेड्यासारखे बघत राहिले. हे काय होतं?

उत्तर : ती २३ मे ची मॅच, आणि मी वर म्हटलं त्या १४ पराभवांच्या माळेतलीच. सॉक्स नवव्या इनिंगमध्ये ८-२ ने मागे होते, त्यांनी चार रन काढून ८-६ केले, एक आऊट, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर, म्हणजे एक मोठा फटका बसला की मॅच फिरली. बेनिन्टेंडीचा बॉल वर उडाला, इनफिल्डमध्येच, म्हणजे बेसच्या आसपासच्या आतल्या भागात. आता अशा वेळी एक नियम लागतो, इनफिल्ड फ्लायचा. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर असताना आणि दोनपेक्षा कमी आऊट असताना असा सोपा कॅच वर गेला की अंपायर बॅटरला लगेच आऊट देतो, कॅच सुटला तरी. कारण नाहीतर फिल्डर मुद्दाम बॉल खाली टाकून दोन रनर आऊट करेल. म्हणजे नियम बॅटिंग करणाऱ्या टीमला वाचवण्यासाठीच आहे.

बॅटर आऊट झाला, दोन आऊट झाले, पुढचा बॅटर येणार. पण दुसऱ्या बेसवरचा अँड्र्यू वॉन बेसकडे परत येत होता आणि बाल्टिमोरचा शॉर्टस्टॉप गनर हेंडरसन बॉलखाली जात होता, दोघं वाटेत एकमेकांच्या आड आले. तुम्ही क्लिप परत हळू करून बघा, वॉनची नजर वर बॉलकडे आहे, हेंडरसनने कॅच आरामात घेतलाय, कोणाचंही काही बिघडलेलं नाही. अंपायरने रनरने अडथळा आणला असा कॉल दिला, वॉनही आऊट, तिसरा आऊट, मॅच खलास. नंतर लीगने टीमला कळवलं की तो कॉल द्यायलाच हवा होता असं काही नव्हतं, अशा बातम्या आल्या. पण निकाल थोडाच बदलतो.

आता मी आत्ताच म्हटलं की नशिबाचं नाव घेऊ नका, आणि ही तर सरळसरळ नशिबाची मॅच. हो, ही होती. १२१ मधली ही एक. अशा आणखी पाच-सात धरा हवं तर. बाकीच्या शंभराच्या वर उरतातच.

प्रश्न : फुटबॉलसारखी खालच्या लीगमध्ये ढकलायची पद्धत असती तर मालक जागे झाले असते ना? एवढं हरून यांना शिक्षा काहीच नाही, उलट ड्राफ्टमध्ये पहिला नंबर मिळतो म्हणे. (ठाणे)

उत्तर : तुमचा राग रास्त आहे, पण एक दुरुस्ती. खाली ढकलणं नाही हे खरं, जसं आपल्या आयपीएलमध्ये शेवटची टीम पुढच्या वर्षी तिथेच असते तसंच. टीव्हीचा पैसा, लीगच्या उत्पन्नातला वाटा हे सगळं हरलं तरी येतं, त्यामुळे मालकाच्या खिशाला लगेच चटका बसत नाही. पण ड्राफ्टचं, म्हणजे नवे तरुण खेळाडू आळीपाळीने निवडायच्या पद्धतीचं, तसं राहिलेलं नाही. २०२२ च्या करारानंतर लॉटरी आली, म्हणजे सगळ्यात जास्त हरलात तरी पहिला नंबर मिळेलच असं नाही. शिवाय एक नियम असा आहे की ज्या टीम इतरांना उत्पन्नातला वाटा देतात, म्हणजे मोठ्या शहरातल्या, त्यांना सलग दोन वर्षं लॉटरीतला नंबर घेता येत नाही. शिकागो मोठं शहर. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये सॉक्सना पाचवा नंबर मिळाला होता, म्हणून १२१ मॅच हरूनही २०२५ च्या ड्राफ्टमध्ये त्यांना थेट दहावा नंबर मिळाला. आधुनिक काळातले एका सीझनचे सगळ्यात जास्त पराभव आणि हातात आलं काय तर दहावा नंबर!

नियम चांगला आहे असंच माझं मत आहे, मुद्दाम हरणाऱ्यांना चाप बसायलाच हवा. पण त्याचा फटका बसला तो फॅन्सना, कारण पोरगा मिळाला असता तर तो बघायला आम्हीच जाणार होतो.

प्रश्न : शॉमबर्गहून लिहितोय. आम्ही चार मराठी मित्र मिळून सॉक्सची सीझन तिकिटं घ्यायचो, एकत्र जायचो, पार्किंगमध्ये डबे उघडून जेवायचो, पोरं एकत्र वाढली त्यात. आता दोघं म्हणतात या मालकाला एक पैसा द्यायचा नाही, दोघं म्हणतात वाईट काळात सोडून जायचं म्हणजे गद्दारी. भांडणं व्हायला लागलीत. काय करावं?

उत्तर : दादा, सगळ्यात आधी, मैत्री तोडू नका एका टीमपायी, तुमचे ते डबे सॉक्सपेक्षा मोलाचे आहेत.

तिकिटाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, तिकीट न काढणं ही गद्दारी अजिबात नाही. फॅनकडे बोलायला दोनच जागा असतात, एक स्टँडमधला आवाज आणि दुसरा खिसा. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये लोकांनी आवाज वापरला. २४ सप्टेंबरला लॉस एंजेलिसच्या एंजल्स टीमविरुद्ध घरच्या मैदानावर मॅच होती, टीमचे १२० पराभव झालेले, म्हणजे १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सच्या आधुनिक रेकॉर्डची बरोबरी झालेली, आणखी एक हरले की रेकॉर्ड आपलं. आठव्या इनिंगला २-० ने मागे. स्टँडमधून "टीम विका, टीम विका" अशा घोषणा चालू. आणि मग तीन रन काढून ३-२ ने जिंकले! त्या रात्री लोक टाळ्या पण वाजवत होते आणि घोषणा पण देत होते आणि मला वाटतं दोन्ही मनापासूनच होतं. दुसऱ्या दिवशी दहाव्या इनिंगमध्ये ४-३, तिसऱ्या दिवशी ७-०. तीनही जिंकल्या. म्हणजे निदान घरच्या लोकांसमोर तो रेकॉर्ड झाला नाही, पोरांनी ती लाज राखली. मग डेट्रॉइटला जाऊन २७ सप्टेंबरला ४-१ ने हरले आणि १२१ वा पराभव लागला. त्याच मॅचमध्ये डेट्रॉइटने दहा वर्षांनी प्लेऑफ गाठलं, त्यांचं अख्खं स्टेडियम नाचत होतं. ही तीच डेट्रॉइट जी २००३ मध्ये ११९ मॅच हरली होती आणि तीन वर्षांत, २००६ मध्ये, वर्ल्ड सिरीज खेळली होती.

आता खिशाचं. कोलोरॅडो रॉकीज बघा, २०२५ मध्ये ते ४३-११९, आपल्यापेक्षा खराब, एका मॅचमध्ये तर २१-० ने हरले, दिलेले रन काढलेल्या रनपेक्षा ४२४ ने जास्त. तरी त्यांच्या मैदानावर वर्षभरात २४ लाखांच्या आसपास लोक आले. डेन्व्हरचा उन्हाळा, डोंगर, थंड बिअर, लोक येतातच. मग मालकाला घाई कशाला? सॉक्सकडे २०२५ मध्ये १४ लाखांच्या आसपास आले. रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर दिसतात आणि त्या दिसल्या की बोलणी होतात. जून २०२५ मध्ये राइन्सडॉर्फ यांनी गुंतवणूकदार जस्टिन इश्बिया यांच्याबरोबर करार जाहीर केला, २०२९ ते २०३३ या काळात ते टीमची सूत्रं त्यांना देऊ शकतात आणि २०३४ नंतर इश्बिया स्वतःहून घेऊ शकतात. हे रिकाम्या खुर्च्यांमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, पण भरलेलं स्टेडियम असतं तर घाई नक्कीच कमी असती.

म्हणून तुम्ही असं करा. सीझन तिकीट या वर्षी सोडा, चौघांनी मिळून सोडा म्हणजे कोणावर ठपका नको. वाटेल तेव्हा सुटं तिकीट काढून चार-पाच मॅचना जा, तुमचा आवडता पिचर असेल तेव्हा. आणि बाकीचे शनिवार तुमच्याच गावात शॉमबर्ग बूमर्स आहेत, तिकडे जिनीव्हाला केन काउंटी कूगर्स आहेत, छोटी स्वतंत्र लीगची टीम, तिकीट स्वस्त, पोरांना मैदानाच्या अगदी जवळ बसता येतं, खेळाडू कुंपणापाशी येऊन बोलतात सुद्धा. डबे तिथे पार्किंगमध्येही उघडता येतील. बेसबॉल फक्त ३५ व्या स्ट्रीटवर, सॉक्सच्या मैदानातच खेळला जातो असं थोडंच आहे.

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. टीम हरली की सोशल मीडियावर खेळाडूंच्या अकाउंटवर जाऊन शिव्या लिहितो. परवा त्याने एका पिचरच्या बायकोच्या फोटोखाली काहीतरी घाणेरडं लिहिलेलं मी पाहिलं आणि हादरलेच. बोलले तर म्हणतो सगळेच लिहितात. (ऑरोरा, इलिनॉय)

उत्तर : ताई, तुम्ही हादरलात ते योग्यच आहे आणि हा विषय हलका घेऊ नका. त्याला लिएम हेंड्रिक्सची गोष्ट सांगा, तो आपलाच क्लोझर, म्हणजे शेवटच्या इनिंगला येऊन मॅच संपवणारा पिचर, होता. डिसेंबर २०२२ मध्ये त्याला कॅन्सर झाल्याचं कळलं, उपचार घेतले, आणि २९ मे २०२३ ला तो साउथ साइडच्या मैदानावर परत पिचिंगला उतरला तेव्हा सगळं स्टेडियम उभं होतं. त्याच माणसाला २०२५ मध्ये, बॉस्टनकडून खेळताना एक इनिंग खराब गेली म्हणून लोकांनी लिहिलं की तू कॅन्सरने मेला असतास तर बरं झालं असतं, त्याच्या बायकोला धमक्या दिल्या. त्याने स्वतः हे जाहीरपणे सांगितलं. त्याच महिन्यात ह्यूस्टनच्या लान्स मॅकलर्सच्या लहान मुलींना मारायच्या धमक्या आल्या, आणि चौकशीत निघालं की धमकी देणारा परदेशातला, बेटिंगमध्ये पैसे हरलेला माणूस.

म्हणून शांतपणे एकदा हेही विचारा की फोनवर कुठलं बेटिंगचं ॲप तर नाही ना. इलिनॉयमध्ये बेटिंगला कायद्याने २१ वर्षं लागतात, पण मोठ्या भावाच्या, मित्राच्या अकाउंटवरून पोरं खेळतात, आणि पैसे गेले की राग दुप्पट होतो. टीमवर प्रेम आहे म्हणून येणारा राग आणि पैसे बुडाले म्हणून येणारा राग हे दोन वेगळे असतात, आईला ते ओळखता येतात.

आणि त्याला एवढं नक्की सांगा की मैदानावर जो बावीस-तेवीस वर्षांचा पिचर उभा आहे, ज्याला खरं तर अजून वर्षभर मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीवर, शिकायला हवं होतं आणि जो दुसरा कोणी नाही म्हणून वर आणला गेला, तो मार खातोय ते त्याच्या मनाने नाही. आपला राग त्याच्यावर काढणं म्हणजे चुकीच्या दारावर दगड मारणं. रागच काढायचा तर टीमच्या ऑफिसला पत्र लिही म्हणावं, स्वतःच्या नावाने, सभ्य भाषेत. ती लिहिलेली कमेंट मात्र आजच्या आज तुमच्यासमोर डिलीट करून घ्या आणि शक्य असेल तर तिथे माफीही मागू द्या.

प्रश्न : नवे पोप सॉक्सचे फॅन आहेत हे खरं का? (वसई)

उत्तर : हो, खरं आहे. पोप लिओ चौदावे हे शिकागोचे, आणि २००५ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या मॅचला ते स्टँडमध्ये होते, टीव्हीच्या जुन्या फुटेजमध्ये दिसतात. ते बसले होते त्या भागात टीमने त्यांचं चित्रही लावलंय. २०२५ च्या मे महिन्यात ही बातमी आली तेव्हा साउथ साइडला खूप दिवसांनी सगळे एकदम खूश झालेले पाहिले.

प्रश्न : मी तोच पुण्याचा, अजून एक विचारायचंय. एवढं सगळं वाचूनही मला हीच टीम धरायचीय. पुढच्या वर्षी बघण्यासारखं काही आहे का, आणि इथून मॅच बघायच्या तर कुठून सुरुवात करू?

उत्तर : आहे, आणि मी हे उगीच धीर द्यायला सांगत नाही. २०२५ चे ६० विजय ऐकायला काहीच नाहीत पण जुलैच्या मध्यापर्यंत ते ३२-६५ होते आणि त्यानंतर २८-३७ खेळले, म्हणजे चांगली नाही पण टीम म्हणण्यासारखी टीम. जुलैमध्ये शॉर्टस्टॉप कोल्सन माँटगमरी वर आला आणि ७१ मॅचमध्ये २१ होमरन मारले त्याने. पिचर गॅरेट क्रोशे बॉस्टनला दिला याचं दुःख आहेच, तिकडे त्याने २०२५ मध्ये २५५ स्ट्राइकआउट घेतले, पण त्याच्या बदल्यात जी पोरं आली त्यातला कॅचर काइल टील आत्ताच आवडायला लागलाय आणि चेस माइड्रॉथ बॉल बघून खेळतो, सहज विकेट फेकत नाही असं आपण क्रिकेटमध्ये म्हणतो ना तसा. नवे मॅनेजर विल व्हेनेबल शांत आहेत, हरल्यावर पोरांना कॅमेऱ्यासमोर दोष देत नाहीत. मला बघायचंय ते एवढंच, की ही पोरं तयार होत असताना या वेळी तरी मालक पाकीट उघडतात का. कोल्सनला वेळेवर मोठा करार दिला तर मी म्हणेन काहीतरी शिकले. नाही दिला तर २०२१ चीच पुनरावृत्ती होईल, पाच वर्षांनी तो दुसऱ्या कुठल्या शहरात ट्रॉफी उचलताना दिसेल आणि आपण परत इथेच प्रश्नोत्तरं करत बसू.

सीझन मार्चच्या शेवटी सुरू होतो. शिकागोत संध्याकाळी ६.४० ला सुरू होणारी मॅच तुमच्याकडे पहाटे ५.१० ला असते, कॉलेजच्या आधी पहिल्या पाच-सहा इनिंग होतात. रविवारच्या दुपारच्या मॅच रात्री ११.४० ला लागतात. सुरुवात करायची तर शेन स्मिथ पिचिंग करणार असेल तो दिवस निवडा. त्याला मिलवॉकीने राखून ठेवला नव्हता म्हणून सॉक्सना डिसेंबर २०२४ मध्ये रूल फाइव्ह ड्राफ्टमधून मिळाला आणि पहिल्याच वर्षी तो ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या मॅचसाठी निवडला गेला. त्याचा चेंजअप बघा, हात फास्टबॉलसारखाच फिरतो आणि बॉल उशिरा येतो, बॅटर आधीच बॅट फिरवून मोकळा झालेला असतो. एक मॅच पूर्ण बघा आणि मग कळवा कसं वाटलं.